सायकल आली की पुठ्ठा

रेणापूर, ७ जानेवारी १९८३

मालक अमृतराव यांस,

भीमाशंकरचा नमस्कार. तंबू व्यवस्थित उभा आहे, विजेचं इंजिन व्यवस्थित आहे, प्रोजेक्टरही व्यवस्थित आहे. ॲम्प्लिफायर जळाला. मंगळवारी दुसऱ्या रिळात नायिकेनं गाण्यासाठी तोंड उघडलं आणि पेटीतून धूर निघाला. लोकांना वाटलं पिक्चरमध्येच आग लागली आहे, म्हणून ते शांत बसून राहिले. लातूरचा मिस्त्री म्हणाला, सामान मुंबईहून येईल, दीड-दोन महिने लागतील. हे त्यानं पेटी न उघडताच सांगितलं.

तंबू उतरवून कंधारला घेऊन येऊ का? पण इथली परिस्थितीही कळवतो. यंदा शेतात काही नाही. अख्खं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जातं आणि संध्याकाळी परत आलं की तंबूकडे बघत बसतं. टँकर आला की बायका घागरी रांगेत ठेवून मला विचारायला येतात, "मशीन बोललं का वो?" मी न्हाई म्हणतो. मग त्या परत रांगेत जातात.

दुसरं म्हणजे वीस फेब्रुवारीला ग्रामपंचायतीची निवडणूक आहे. आपला तंबू ज्या वॉर्डात आहे तिथं दोघंच उमेदवार आहेत, अडतदार गुरुपादप्पा आणि सटवाजी पाटील. जिंकेल तोच सरपंच होणार, असं गाव म्हणतं. गुरुपादप्पांना छत्री हे चिन्ह मिळालं, सटवाजींना सायकल. पुढच्या साली तंबूला जागा देणं आपल्याच हातात आहे, असं दोघांनीही मला वेगवेगळं बोलावून सांगितलं. मी दोघांनाही मान डोलावून हाव म्हणालो.

पत्र गुरुपादप्पांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा, कारण पोस्टमन तंबूला घर मानत नाही. दुकानात त्यांची मुलगी शिवकांता असते, ती पत्र जपून ठेवते. सकाळी ती बालवाडीत शिकवते. आवाज खणखणीत आहे. आणि जिल्हा आता नवा झाला, लातूर लिहायचा, उस्मानाबाद लिहू नये.

आपला,
भीमाशंकर

कंधार, १२ जानेवारी १९८३

भीमाशंकर,

तंबू उतरवायचा नाही. उतरवलेल्या तंबूत उंदीर राहतात आणि मग तो पुन्हा उभा राहत नाही. माझा पाय प्लॅस्टरमध्ये आहे, नाहीतर मीच आलो असतो. कंडक्टरबरोबर पत्र्याची पेटी पाठवतो आहे. तीत सात रिळं आहेत. मूकपट आहे, त्यामुळे आवाजाचं काही बिघडायचं नाही. रिळं मात्र बघता बघता पेट घेतात, तेव्हा विडीवाल्यांना लांब बसव.

माझ्या वडिलांनी तो नांदेडला असताना घेतला होता. नावाचा तुकडा तेव्हाच तुटलेला होता, म्हणून आम्ही त्याला 'म्युनिसिपालटी' म्हणायचो. एका गावात दोन शेठ म्युनिसिपालटीच्या अध्यक्षपदासाठी भांडतात. एकाचा मुलगा दुसऱ्याच्या मुलीवर जीव टाकतो. मुलगा सायकलवरून तिच्या खिडकीखाली येतो, मुलीचा बाप छत्री घेऊन त्याच्या मागं धावतो. असं सहा रिळं चालतं. सातव्यात त्यांचं लग्न होतं आणि दोन्ही शेठ निवडणुकीत पडतात. माणसं जरा घाईत चालताना दिसतील. तो जुन्या पटाचा वेग आहे, मशीन उघडून बसू नकोस.

पडद्यावरच्या पाट्या झिजल्या आहेत, म्हणून शेजारी उभं राहून कोणीतरी सगळ्यांचं बोलणं बोलावं लागतं. मी सोळा वर्षांचा असताना नांदेडला हेच काम करत होतो. लक्षात ठेव, पडद्यावर दिसतं ते सांगायचं नाही. तो उठला, हे लोकांना दिसतं. तो का उठला, ते सांग.

आणि जिल्ह्याचं मला शिकवू नको. मी जन्मलो तेव्हापासून लातूर उस्मानाबादेत आहे. सहा महिन्यांत लोकांच्या सवयी बदलत नसतात.

अमृतराव

रेणापूर, २३ जानेवारी १९८३

मालक,

पेटी मिळाली. पहिला खेळ मी सांगितला. आपण लिहिलेलं सगळं ध्यानात होतं, तरी पडद्यासमोर उभा राहिल्यावर मी "आता तो उठला, आता तो बसला" एवढंच म्हणू शकलो. पुरुषांच्या बाजूनं एकजण म्हणाला, "आमाला दिसून राहिलं की रं!" तेवढ्यात नायिका खिडकीत आली आणि मी गप्प झालो. बाईच्या आवाजात काय बोलायचं ते मला सुचेना. तेव्हा कनातीपलीकडून, बायकांच्या बाजूनं आवाज आला, "सायकलीची घंटी वाजवून काय होतंय? अप्पा घरात हायत. नळाला पाणी आल्यावर या, तवा ते पाण्यावर असत्यात."

सगळा तंबू हसला. ती शिवकांता होती.

तेव्हापासून बायकांचं सगळं शिवकांता बोलते आणि पुरुषांचं मी. शिवकांताला सातही रिळं चार दिवसांत पाठ झाली. कोणत्या रिळात कोण कोणाकडे किती वेळ बघतं, हे शिवकांताला न बघता सांगता येतं. गुरुपादप्पा संध्याकाळी प्रचाराला वाड्यावस्त्यांवर असतात, त्यामुळे त्यांना हे माहीत नाही. बाकी गावातल्या सगळ्यांना माहीत आहे. पाचव्या रिळात छत्रीवाला शेठ हौदात पडतो, तो भाग दोनदा दाखवावा लागतो. त्या वेळी कोणी हसत नाही. सगळे हौदातलं पाणी बघत असतात.

आता अडचण लिहितो. नायक सायकलवर येतो हा सटवाजींचा प्रचार आहे, अशी गुरुपादप्पांनी लातूरला तक्रार केली. मग त्या पिक्चरमध्ये छत्रीही आहे, अशी सटवाजींनी केली. नवीन जिल्हा कचेरीतून एक साहेब जीपनं आले. त्यांनी अख्खा पट दोनदा पाहिला. सायकल एकतीस वेळा आणि छत्री एकोणीस वेळा, असं कागदावर लिहून घेतलं आणि हुकूम दिला की मतदान होईपर्यंत चिन्ह जेवढा वेळ दिसेल तेवढा वेळ पडदा झाकावा. कागदावर वर उस्मानाबाद छापलेलं होतं. ते त्यांनी पेनानं खोडून लातूर केलं आणि मग सही केली.

त्यामुळे आता सायकल आली की मी काचेपुढं पुठ्ठा धरतो. छत्री आली तरी धरतो. नायक सायकलीवरून उतरतच नाही, म्हणून प्रेमाचा सगळा भाग अंधारात जातो. तेवढा वेळ मी प्रोजेक्टरपाशी पुठ्ठा धरून बोलतो आणि शिवकांता कनातीपलीकडून बोलते. गर्दी मात्र वाढली आहे.

आपला,
भीमाशंकर

कंधार, २७ जानेवारी १९८३
(पोस्टकार्ड)

भीमाशंकर,

अख्ख्या पत्रात इंजिनाचा एक शब्द नाही. शिवकांता मात्र दर दोन ओळींनी आहे. मी म्हातारा झालो असलो तरी वाचता येतं.

म्हणून एक गोष्ट सांगतो, जी मी कोणाला सांगितलेली नाही. नांदेडला आमच्याकडे बायकांचं बोलणं कस्तुराबाई बोलायची. एकदा मी पडद्यावरच्या माणसाच्या नावानं तिला माझ्या मनातलं विचारलं. तिनं पडद्यावरच्या बाईच्या नावानं उत्तर दिलं. मी समजलो तिनं आपलं काम केलं. तीही तेच समजली असावी. चैत्रात तिला धर्माबादला दिलं. आज त्रेपन्न वर्षं झाली, मला त्याचं अजून वाईट वाटतं.

तू हे करू नको. तुला विचारायचं असेल तर इंजिन बंद कर, उजेडात जा आणि स्वतःच्या नावानं विचार.

अमृतराव

पत्ता : श्री. भीमाशंकर, द्वारा गुरुपादप्पा अडतदार, रेणापूर, जि. उस्मानाबाद

रेणापूर, ४ फेब्रुवारी १९८३

मालक,

आपलं पत्र नाही. पायाचं दुखणं वाढलं नसेल अशी आशा आहे. इंजिन ठीक आहे.

सोमवारी एक प्रकार झाला, तो कळवतो. चौथ्या रिळात नायक सायकलवर खिडकीखाली येऊन नायिकेला विचारतो आणि ती मान हलवून नाही म्हणते, खिडकी लावून घेते. सायकल आहे म्हणून मी पुठ्ठा धरला होता. रोज मी तिथं "माझ्यासंगं मुंबईला चला" असं म्हणतो. सोमवारी मी शब्द थोडे बदलले. मी म्हणालो, "मी फिरस्ता मानूस हाय. तंबू हेच माझं घर. तुमी हाव म्हनलात तर मी एका जागी राहीन."

पलीकडून शिवकांता म्हणाली, "हाव."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. पुढं सायकल गेली, मी पुठ्ठा काढला, तर पडद्यावर नायिका मान हलवून खिडकी लावत होती. लोकांचा गोंधळ झाला. केवळाबाई म्हणून एक खडीवरच्या मुकादमीण आहेत, त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आत्ता तर हाव म्हनली की!"

खेळ संपल्यावर मी शिवकांताला नम्रपणे सांगितलं की चौथ्या रिळात ती नाही म्हणते, हाव ती सातव्यात म्हणते, तरी पुढच्या वेळी पिक्चरला धरून बोलावं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाली. तेव्हापासून ती तंबूत आलेली नाही. दुकानात गेलो तर हिशोब करत असल्यासारखी खाली बघते.

केवळाबाईंकडून असं कळलं की तेरा तारखेला, रविवारी, तिला बघायला निलंग्याचे पाहुणे येणार आहेत. मोठं घर आहे, ऊस आहे. मला रात्रीची झोप लागत नाही. जेवण जात नाही. पट आता मी एकटाच सांगतो. बायका उठून जातात.

मालक, माझं काही चुकलं का?

आपला,
भीमाशंकर

कंधार, ८ फेब्रुवारी १९८३

गाढवा,

होय, चुकलं.

तुला माझं पोस्टकार्ड मिळालेलं नाही हे उघड आहे. मी त्यावर जिल्हा उस्मानाबाद लिहिला, ती माझी चूक, मान्य करतो. पण तू केलंस ते उस्मानाबादच्या पोस्टालाही जमलं नसतं. अरे, त्या मुलीला सातही रिळं पाठ आहेत असं तूच लिहितोस. जिला रिळं पाठ आहेत ती चौथ्या रिळात चुकून हाव म्हणेल? तिनं तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. भरल्या तंबूत, गावासमोर, बाप निवडणुकीला उभा असताना दिलं. आणि तू तिला पिक्चर शिकवलास.

आता नीट ऐक. रविवारी पाहुणे बसलेले असतानाच जा. ते नसताना गेलास तर गुरुपादप्पा तुला दारातून परतवतील. चारचौघांत त्यांना तसं करता येणार नाही, उमेदवार आहेत ते. तू उदगीरच्या चन्नबसप्पांचा मुलगा आहेस हे त्यांना सांग. तुमच्यातलंच घर आहे, ओळख निघेल. बाकी तुझं तू बोल, मी काही लिहून देणार नाही.

पत्र पोस्टात टाकत नाही, कंडक्टरच्या हातात देतो आहे. तरीही लातूर लिहिलं आहे, दोनदा.

अमृतराव

रेणापूर, १ मार्च १९८३

अमृतराव काका,

मी शिवकांता. तुम्ही मला पाहिलेलं नाही, पण आमच्यासाठी इतकी पत्रं लिहिलीत, म्हणून मीही तुम्हाला लिहिते. भीमाशंकर लिहायला बसला की दोन ओळी इंजिनाच्या होतात आणि तो उठतो.

तुमचं पोस्टकार्ड अकरा फेब्रुवारीला दुकानावर आलं. त्यावर उस्मानाबादचे तीन शिक्के होते. मी ते वाचलं. उघडं कार्ड होतं, पोस्टमन बसवंतनंही वाचलं होतं. वाचून मला रडू आलं. कस्तुराबाईंसाठी आलं की माझ्यासाठी, ते मला सांगता येणार नाही. कार्ड मी भीमाशंकरला दिलं नाही. त्याला ते वाचून सुचण्यापेक्षा आपलं आपण सुचावं, असं मला वाटत होतं. तुमचं त्यानंतरचं पत्र कंडक्टरनं आधीच परस्पर त्याला दिलेलं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तेराला निलंग्याचे पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई मला स्वयंपाकाचं विचारत होती आणि मुलगा आमच्या कॅलेंडरकडे बघत होता. तेवढ्यात भीमाशंकर दारात आला. त्याचा शर्ट धुतलेला होता. काका, त्या आठवड्यात टँकर एकदाच आला होता, माणशी एक घागर. त्या घागरीतलं पाणी त्यानं शर्टाला घातलं होतं.

अप्पा म्हणाले, "तंबूच्या जागंचं म्हनतूस व्हय? वीस तारखेनंतर बघू." अप्पांनी बसायला सांगितलं, तो बसला नाही. महिनाभर शेठ, नोकर, फौजदार, नायक सगळ्यांचं बोलणं बोलणारा माणूस आमच्या दारात उभा राहून घाम पुसत होता. काय म्हणायचंय ते मला ठाऊक होतं. मी एका वाक्यात सांगून टाकू शकले असते. पण मी तोंड मिटून बसले. हे त्याचं त्यानंच बोलायला पाहिजे होतं.

मग तो एकदम बोलला, "मी भीमाशंकर. उदगीरच्या चन्नबसप्पाचा पोरगा. मला शिवकांतासंगं लगीन करायचं हाय. आधी तिला इचारा. आन् ह्यात पिच्चर न्हाई."

अप्पा माझ्याकडे वळले. "काय म्हनतीस?"

मी म्हणाले, "हाव. मी हे मागंच म्हनलंय."

अप्पांचा चेहरा लाल झाला. ते उठले आणि त्यांना दिसलं की आमच्या अंगणात बायका उभ्या आहेत. केवळाबाई सगळ्या खडीवाल्या बायकांना घेऊन त्याच्या मागोमाग आल्या होत्या. केवळाबाई म्हणाल्या, "अप्पा, पोरगी निलंग्याला दिली तर आमाला पिच्चर कोन सांगंल? तुमी आमाला काय ते सांगा, मंग आमी छत्रीचं बघू."

अप्पांनी बायकांवरून नजर फिरवली. त्यांचे ओठ हलत होते, ते मतं मोजत होते हे मला कळलं. मग त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "निवडनूक झाली की ह्या दोघांचं लगीन मी लावून देतो. हे माझं वचन हाय." आणि सवयीनं पुढंही बोलत राहिले, की वॉर्डात बोअर पाडतो, बालवाडीवर पत्रे टाकतो, स्मशानाकडचा रस्ता करतो. बायकांनी टाळ्या वाजवल्या. निलंग्याच्या पाहुण्यांनीही वाजवल्या आणि चपला घातल्या. दुसऱ्या दिवशी सटवाजी पाटलांनी लाऊडस्पीकरवरून जाहीर केलं की हे लग्न सायकलमुळे जमलं आहे.

तंबूत त्या दिवशी गूळ वाटला. भीमाशंकर तर जमिनीवर नव्हता. मी मात्र घरात जाऊन दार लावून बसले. काका, मी त्या घरात वाढले आहे. मागच्या निवडणुकीत अप्पांनी जी विहीर जाहीर केली होती, तिच्या जागी आजही बाभळी आहेत. अप्पा वाईट नाहीत, पण निवडणुकीच्या आधी ते जे बोलतात ते निवडणुकीच्या आधीचंच असतं. शनिवारी मी त्यांना मागच्या खोलीत एका माणसाशी बोलताना ऐकलं. "निलंग्याला कळवा, जरा थांबा म्हनावं. सरपंचाची लेक म्हनल्यावर आनखी चांगलं होईल."

रविवारी मतदान झालं. सोमवारी मोजणी झाली. अप्पा एका मतानं पडले.

ते घरी येऊन जेवले नाहीत. भीमाशंकरला वाटलं आता सगळं संपलं. मतं मिळाली नाहीत तर वचन कोण पाळतो? मंगळवारी सकाळी तो तंबूच्या दोऱ्या सोडायला लागला. मी गेले तेव्हा निम्मा तंबू खाली आला होता आणि अप्पा तिथं आलेले होते. ते पुढच्या रांगेत, पोरं बसतात तिथं, खाली मातीत बसले होते. मी त्यांना जमिनीवर बसलेलं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

ते भीमाशंकरला म्हणाले, "दोऱ्या बांध. बोअर आता सटवाजीनं पाडायचा, रस्ता त्यानं करायचा. मी जे जे बोललो त्यातलं माझ्या हातात हे एवढंच राहिलंय. हे तरी मला करू दे, बाबा."

मठाच्या स्वामींनी लग्नासाठी सोळा मार्च ही तारीख काढून दिली आहे. तुमचा पाय बरा असेल तर तुम्ही या, नसेल तर भीमाशंकर जीप करून आणायला येईल. अप्पा रोज सकाळी तंबूत येऊन बसतात. पट कसा सांगतात ते त्यांना शिकायचंय म्हणतात. काल त्यांनी मला विचारलं, "एक मत. कोन असंल गं?" मी म्हणाले, कोणास ठाऊक.

काका, हे पत्र मी बंद पाकिटात पाठवते आहे, कारण हे बसवंतनं वाचलेलं चालणार नाही. मतदानाच्या रविवारी केंद्राच्या आतल्या खोलीत मतपत्रिका हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते. बाहेर रांगेत केवळाबाई खोकायला लागल्या, तेव्हा मी सायकलवर शिक्का मारला. लग्न सोळाला आहे. अप्पांना हे त्याआधी सांगू की नंतर, एवढं तुम्ही मला कळवा.

तुमची,
शिवकांता